फेट्याखालची डोकी

हेमकांतला माणसाच्या डोक्याबद्दल अजिबात आदर नव्हता. लोणखेड्याच्या या गड्याने अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या डोक्यांवर फेटे बांधण्यात घालवलं होतं, त्यामुळे हे मत ऐकीव नव्हतं, हाताखालून गेलेलं होतं. निवडणुकीत पडलेले, पडूनही मिरवणूक काढलेले, पतसंस्थांचे अध्यक्ष, नवरदेव, नवरदेवांचे रुसलेले मामा, सगळ्यांची डोकी त्याने मापली होती. फेटा चढला की त्यातलं कुठलंही डोकं सारखंच रुबाबदार दिसायला लागायचं, आणि याच गोष्टीचा त्याला मनस्वी राग होता. आपण कापडाने लोकांची लाज झाकतो आणि वर मजुरी घेतो, असं तो उघड म्हणायचा.

घर तसं खाऊनपिऊन सुखी. पपई होती, केळी होती, पाण्याची ददात नव्हती. थोरल्या भावाने शेत धरलं, सोसायटी धरली, आणि हेमकांतने धरलं ते फेट्याचं कापड. पाटलाच्या पोराने लोकांच्या डोक्यांना हात लावत गावोगाव फिरावं, हे भाऊबंदांना खुपायचं. एकदा लग्नाच्या पंगतीत एका चुलत्याने ते तोंडावर बोलून दाखवलं. हेमकांतने पोळी मोडता मोडता उत्तर दिलं, "काका, डॉक्टर बी लोकेसना डोकाले हात लावस. त्याले तुमी साहेब म्हनतस. मी तं डोकं तपासीसन आत काय शे ते कोनले सांगत बी नही. हाऊ मन्हा उपकार समजा."

पंगत हसली, चुलता अर्ध्या जेवणातून उठला. हेमकांतची आई दगूबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "मन्हा आंडोरनी जीभ तापीमा टाकी देवानी लायक शे." पण पोराची जीभ काही तापीत गेली नाही, आणि हेमकांतचं गिऱ्हाईकही कमी झालं नाही. त्याच्यासारखा फेटा शहाद्यापासून खापरपर्यंत दुसरा कोणी बांधत नव्हता, आणि मोठेपणाची हौस असलेला माणूस थोडा अपमान खपवून घेतो.

या धंद्याची एक गंमत अशी की फेटा बांधून घेणाऱ्याला आपल्या मागे कोणी उभं आहे याचा विसर पडतो. समोरचे लोक त्याच्याकडे बघत असतात, फोटो निघत असतात, आणि मागचा माणूस म्हणजे जणू खांब. त्या तेवढ्या वेळात लोक फोनवर काय वाट्टेल ते बोलतात. कुणाच्या सुनेला कसं हाकलायचं, कुणाचं टेंडर कसं पाडायचं, हे सगळं हेमकांतच्या कानांवरून जायचं. त्याने त्याचा कधी उपयोग केला नाही. उपयोग करायला लोकांत रस असावा लागतो, आणि याला नुसती किळस होती.

आणि फेट्यांना तोटाही नव्हता. आपल्याकडे सत्काराशिवाय बोअरला पाणीसुद्धा लागत नाही. कुठलाही कार्यक्रम असो, आधी शाल, नारळ, फेटा, मग भाषणं, आणि वेळ उरलाच तर ज्यासाठी जमलो ते काम. ज्याला चार लोकांत फेटा बांधला तो माणूस आपला झाला, आणि आपला झाला म्हणजे चांगलाच झाला, अशी इथली समजूत. तिला कोणी तपासायला जात नाही, कारण तपासायला गेलं तर निम्म्या जिल्ह्याचे फेटे उतरवावे लागतील.

तर त्या हिवाळ्यात तापीकाठ क्रीडा मंडळाने नंदुरबारच्या बाहेर, मिरचीच्या पथाऱ्यांना लागून असलेल्या मैदानावर मुलींची राज्य पातळीवरची कबड्डी स्पर्धा भरवली. वारा फिरला की पथारीवरची वाळती मिरची नाकात जायची आणि खेळाडू, पंच, पाहुणे एकजात शिंकायचे. मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव, म्हणजे आप्पा. जमीन मोठी, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. कबड्डी त्यांनी लहानपणी एकदा खेळली होती आणि त्यात त्यांचा दात पडला होता, या भांडवलावर ते क्रीडामहर्षी झाले होते.

स्पर्धा मोठी, म्हणून वरून सूचना आली होती: गर्दीच्या अशा स्पर्धांमधून मुली पळवल्या जातात, कामाच्या आमिषाने विकल्या जातात, तेव्हा सुरक्षा समिती नेमा, मानवी तस्करीबद्दल लोकांना जागं करा, आणि डोंगरपाड्यांतल्या मुलींनाही बरोबरीने सामील करून घ्या. सूचना चांगली होती, पण ती पडली आप्पांच्या हातात. त्यांनी समिती नेमली: अध्यक्ष स्वतः, उपाध्यक्ष मेहुणा, सदस्य मेहुण्याचे व्याही. यात बाई एकही नाही असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा आप्पांनी बायकोचं नाव घातलं आणि तिला ते सांगायचं विसरले. व्यासपीठामागे भलामोठा बॅनर लागला. 'सुरक्षित मैदान, सर्वांचं मैदान'. त्यावर सगळ्या सदस्यांचे फोटो मावेपर्यंत मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर खाली खाली सरकत गेला आणि शेवटी पाहुण्यांच्या सोफ्यामागे दडला.

उद्घाटनाच्या दिवशी आप्पांनी स्वयंसेवकांना संशयित माणूस कसा ओळखायचा हेही शिकवलं. अनोळखी, मळक्या कपड्यांचा, हातात पिशवी, बोलणं वेगळं. हे वर्णन तालुक्याच्या बाजारातल्या निम्म्या लोकांना लागू होतं, पण स्वयंसेवकांनी माना डोलावल्या.

मग सत्कार सुरू झाले. त्यात एक होता भूपेश, म्हणजे सगळ्यांचा भूपेशभाई. कडक पांढरा शर्ट, पांढरे बूट, गळ्यात स्पर्धेचा बिल्ला. त्याने सगळ्या संघांना नवे बूट दिले होते, त्यामुळे माइकवर त्याचं नाव दानशूर, क्रीडाप्रेमी वगैरे विशेषणं लागूनच यायचं. हेमकांत त्याच्या डोक्यावर पीळ देत होता तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भूपेश हळू आवाजात गुजरातीत बोलायला लागला. "बे-त्रण मळी जशे. डुंगरनी छोकरीओ छे, पूछवावाळुं कोई नथी. मॅच तो बहानुं छे, पछी आगळ मोकली दईशुं."

फेट्याचं कापड आणायला हेमकांत आयुष्यभर सुरतेला जात आला होता. त्याला एक शब्दही अडला नाही. दोन-तीन मुली मिळतील, डोंगरातल्या आहेत, विचारणारं कोणी नाही, मॅच हा बहाणा, नंतर पुढे पाठवून देऊ. मग त्याने सवयीने तुरा खोचला, शेमला पाठीवर सोडला, आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर त्याने आप्पांना बाजूला घेतलं. "आप्पा, तो भूपेश चांगला मानूस नही. पोरी लई जावानं बोली ऱ्हायंता फोनवर."

"कोनी सांगं?"

"मी मन्हा कानघाई ऐकं."

आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने जेवणात खडा टाकला. "अरे हेमकांत, सकायले ज्या मानूसना आपू सत्कार कया, त्याले दुपारले चोर म्हनवानं का? लोके काय म्हनतीन? समितीनी शोभा व्हई जाई."

"सत्कार कया म्हनीसन तो चोर नही, आसं का?"

"फेटा बांधा ना? मंग व्हयनं तं!" आप्पा म्हणाले. "आनि बांधा कोनी? तूच बांधा. आते तूच बोंबलस. जाय, तुन्हं काम कर."

हेमकांत गेला. त्याला वाटलं, मरेना का. ज्या लोकांना डोकंच नाही त्यांच्यासाठी आपण का डोकेफोड करायची? तुच्छतेचा हा एक मोठा सोयीचा गुण आहे, तिच्या सावलीत माणसाला निवांत झोप लागते. हेमकांतही झोपला.

मात्र दुसऱ्या दिवशी फेट्याचं काम नव्हतं, म्हणून तो सामना बघायला बसला आणि तिथे त्याची पंचाईत झाली. नवापूरकडच्या डोंगरातल्या एका शाळेचा संघ खेळत होता. त्यांच्या बाई हन्ना मॅडम, त्याच डोंगरातल्या, कडेला उभ्या राहून ओरडत होत्या, आणि रंजना नावाची सतरा वर्षांची सडपातळ पोर चढाईला जात होती. चढाई म्हणजे काय, वीज! डाव्या पायावर उडी घ्यायची, चार जणींच्या मधून निसटायची आणि परत येताना खुदकन हसायची. आयुष्यभर डोकी बघितलेला हेमकांत पहिल्यांदा कुणाचे तरी पाय बघत राहिला. त्याच्या तोंडून "वा रे पोरी" निघून गेलं, आणि शेजारच्याने चमकून पाहिलं, कारण या माणसाच्या तोंडून चांगला शब्द कोणी ऐकलेला नव्हता.

पुढे रोज तो तिचा सामना बघायला यायचा, आणि रोज त्याला भूपेशभाई त्याच संघाच्या आसपास दिसायचा. कधी केळी वाटताना, कधी फोटो काढताना. हन्ना मॅडम त्याला हटकायच्या, पण तो बिल्ला दाखवायचा आणि म्हणायचा, "समितीचाच माणूस आहे, मॅडम." मॅडमनी आप्पांकडे तक्रार केली, तेव्हा आप्पांनी त्यांनाच समजावलं की पाहुण्यांशी नीट वागा, डोंगरातून आलात म्हणून सवय नसेल, पण शिकून घ्या. सर्वांचं मैदान ते हेच.

शेवटच्या दिवशी सकाळी रंजनाचा संघ उपांत्य सामन्यात हरला. हरला तरी राज्याच्या शिबिरासाठी निवडलेल्या मुलींत तिचं नाव माइकवरून पुकारलं गेलं, आणि हन्ना मॅडम भर मैदानात रडल्या. हेमकांतनेही टाळ्या वाजवल्या. मग चहा प्यायला तो सुरक्षेच्या तंबूत गेला, कारण चहा तिथेच चांगला मिळायचा. तेवढं एक काम समिती चोख करत होती.

तंबूत सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि जमिनीवर एक म्हातारा बसला होता. गुडघ्यापर्यंत धोतर, मळका सदरा, मांडीवर कापडी पिशवी. दाराशी दोन स्वयंसेवक छाती काढून उभे. संशयित पकडला होता, सकाळपासून पकडून ठेवला होता.

"काय कयं त्यानी?" हेमकांतने विचारलं.

स्वयंसेवकाने अभिमानाने सांगितलं. हा मुलींच्या मुक्कामाच्या कुंपणाशी उभा होता. कोणाला भेटायचंय विचारलं तर म्हणाला, सुमीला. सुमी नावाची एकही खेळाडू नाही. ओळखपत्र नाही. आणि आप्पा स्वतः चौकशीला आले तर त्यांनाच उलट म्हणाला, "तू कोण?"

आप्पांना आजवर त्यांच्या बायकोनेही 'तू' म्हटलं नव्हतं. डोंगरात देवाला तू, कलेक्टरला तू, बैलालाही तू, त्यात मान-अपमान काही नसतो. पण आप्पांना तेवढ्यावरून माणूस सराईत वाटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. फरक एवढाच की इथे चोराला फेटाही बांधला होता.

हेमकांत म्हाताऱ्यापाशी उकिडवा बसला. "बाबा, कुठून आलात?"

"नवापूरच्या पलीकडून. पोरीचा खेळ बघायला आलो," म्हातारा म्हणाला. त्याचं नाव रेवजी. "घरी आम्ही सुमी म्हणतो. शाळेत बाईने दुसरं नाव घातलं, ते मला तोंडात बसत नाही. नागलीची भाकर आणलीय तिला. सुकट आणलंय." मग तो थोडा पुढे झुकला. "तू पाहिली का तिला? डाव्या पायाने उडी मारते ती."

हेमकांतने चहा खाली ठेवला. तो उठला आणि स्वयंसेवकांवर ओरडला, "अरे येडास्वन, हाऊ रंजनाना बाप शे! जिनं नाव आते माइकवर उनं, तिना बाप! सोडा त्याले."

"आप्पा म्हणतील तेव्हा सोडू," स्वयंसेवक म्हणाला. त्याला हुकूम पाळायचा होता, आणि हुकूम पाळणाऱ्याला डोकं चालवायची मुभा नसते.

हेमकांत हन्ना मॅडमना आणायला निघाला. मैदानाच्या मागून जाताना त्याला व्यासपीठाच्या पाठीशी एक पांढरी गाडी उभी दिसली. आत मागच्या सीटवर तीन मुली बसल्या होत्या, मांडीवर पिशव्या घेऊन, केस नीट विंचरून. खिडकीकडची रंजना होती.

"कुठे चाललीस पोरी?"

"गुजरातमध्ये क्रिकेटची मोठी मॅच आहे. पाहुण्यांना पाणी, फुलं द्यायची. भूपेशभाई नेतायत," रंजना म्हणाली. "शिबिराच्या आधी परत येणार."

"मॅडमना सांगितलंस?"

ती खाली बघायला लागली. "मॅडम नाही म्हणतात. पण आबा हो म्हणाला. आबा सकाळी आलाय ना इथे, तो भूपेशभाईंना भेटला, तेच म्हणाले. त्याने सांगितलं, जाऊ दे म्हणून."

"तुला भेटला का तो?"

"नाही. मी सगळीकडे शोधलं. तो सापडलाच नाही."

"अगं, तुझा बाप तर..." हेमकांत बोलायला लागला आणि ड्रायव्हरने काच वर घेतली. दारं आतून बंद झाली. ड्रायव्हरने फोन कानाला लावला, गाडी चालू केली, पण हलवली नाही. मालकाची वाट बघत होता.

बाप सापडू नये याची सोय सुरक्षा समितीने केली होती. त्याला तंबूत जमिनीवर बसवून या लोकांनी चोराच्या हातात पोरीची किल्ली दिली होती. आणि आपल्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हा विचार हेमकांतच्या मनात आला, तेव्हा त्याला जगातल्या सगळ्या डोक्यांपेक्षा स्वतःच्या डोक्याची जास्त घाण वाटली.

आरडाओरडा केला असता तर ड्रायव्हरने गाडी पळवली असती. म्हणून तो आधी व्यासपीठावर गेला, कारण हेल्पलाइनचा नंबर तिथेच होता. सोफ्यावर आप्पांचे मेहुणे पान चघळत बसले होते. हेमकांतने त्यांच्यासकट सोफा ओढला, मेहुणे कलंडले, आणि बॅनरच्या तळाशी १०९८ दिसलं. तिथेच वाकून त्याने फोन लावला. पलीकडच्या बाईने नीट ऐकून घेतलं, पोलिसांना कळवते म्हणाली, ते येईपर्यंत मुलींना जाऊ देऊ नका. मग तो धावत हन्ना मॅडमकडे गेला. मॅडमनी अर्धंच ऐकलं आणि संघातल्या मुलींना हाक मारली.

"आम्ही गाडीपुढे बसतो," त्या म्हणाल्या. "पण तो माणूस गाडीत चढला तर आमच्या अंगावरून नेईल. हेमकांतभाऊ, त्याला तिकडेच अडकवून ठेवा."

भूपेशभाई आप्पांचा निरोप घेत होता, हात जोडून, कमरेत वाकून. हेमकांत खांद्यावर जरीचं कापड टाकून त्याच्यापुढे उभा राहिला. "भूपेशभाई, समारोपना फेटा ऱ्हायना तुमना."

"अरे नहीं भाई, ट्रेन है मेरी."

"तुमनी मर्जी," हेमकांत म्हणाला. "पन मुख्य पाहुणासले इतला मोठा तुरा काढा मी, आनि बूट देनारा उघडं डोकं लई जाई. लोके म्हनतीन, आप्पास्नी भेदभाव कया."

हे शेवटचं वाक्य आप्पांच्या कानांत पडलं, आणि आप्पांनी भूपेशचे दोन्ही खांदे दाबून त्याला खुर्चीत बसवलं. भूपेशनेही फार ताणलं नाही. मुख्य पाहुण्यांच्या तुऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं होतं, आणि तुऱ्याच्या मोहातून आजवर कोण सुटलंय? हेमकांतने कापडाचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या मुठीत घेतलं, आणि आयुष्यात कधी बांधला नव्हता असा फेटा बांधायला सुरुवात केली. अर्धा बांधला, जीभ चावली, सगळा सोडला. पीळ बिघडला म्हणाला. पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. डोकं आडवं आहे म्हणाला. मैदानावरचे लोक हसायला लागले, फोटोवाले पुढे सरसावले, भूपेश घामाने भिजला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ड्रायव्हर असणार, कारण भूपेशचा चेहरा पडला आणि तो ताडकन उठला. डोक्यावर दोन वेढे होते, बाकीचं लांबलचक कापड हेमकांतच्या मुठीत होतं. भूपेश पायऱ्यांकडे निघाला, हेमकांतने कापड मनगटाला गुंडाळलं आणि पाय रोवले. वेढा भूपेशच्या डोळ्यांवर घसरला.

"अहो, अर्धा फेटा टाकून जाऊ नये, अपशकुन असतो!" आप्पा कळवळून ओरडले आणि भूपेशच्या कमरेला त्यांनी स्वतः मिठी मारली. मेहुणे धावले, व्याही धावले. सगळ्या समितीने मिळून चोराला धरून ठेवलं, त्याची वाट अशुभ होऊ नये म्हणून. सगळ्या स्पर्धेत समितीच्या हातून झालेलं हे एकच नेमकं काम, आणि तेही त्यांना कळलेलं नव्हतं.

पोलीस आले ते तसेच व्यासपीठावर चढले. गाडीपुढे हन्ना मॅडम आणि त्यांचा संघ मांडी घालून बसला होता, त्यामुळे ड्रायव्हरही जागच्या जागी मिळाला. मुली उतरल्या. भूपेशला नेताना त्याच्या गळ्यात जरीचा वेढा तसाच लोंबत होता, आणि आप्पा आळीपाळीने पोलिसांकडे आणि हेमकांतकडे बघत होते. अध्यक्ष झालेल्या माणसाला सावरायला वेळ लागत नाही. त्यांनी माइक घेतला आणि जाहीर केलं की सुरक्षा समितीच्या दक्षतेमुळे मुली विकणारा एक माणूस आज पकडला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

मग त्यांना फोटोची आठवण झाली. मुलीच्या वडिलांना बोलवा, त्यांचा सत्कार करू, असा हुकूम सुटला, आणि ज्या स्वयंसेवकांनी रेवजीला बसवून ठेवलं होतं तेच त्याला मानाने घेऊन आले. रेवजीने व्यासपीठाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ रंजनाकडे गेला, तिच्या हातात भाकरीची पिशवी दिली आणि म्हणाला, "चल, घरी."

रंजना रडत रडत त्याला सगळं सांगत होती. हन्ना मॅडम मध्ये आल्या. "रेवजीदादा, पोरीचं नाव शिबिरात आलंय. राज्याकडून खेळेल ती. असं करू नको. घरी नेलीस तर संपलं सगळं."

"शिबिर कुठे?"

"मोठ्या शहरात. तिथे राहायची, खायची सगळी सोय असते. सुरक्षा असते, समिती असते."

"दाराशी कोण उभं असतं?" रेवजीने विचारलं. मग त्याने व्यासपीठावरच्या आप्पांकडे, बिल्ले लावलेल्या मेहुण्यांकडे, स्वयंसेवकांकडे बोट केलं. "हेच ना?"

हेमकांत पुढे झाला. आयुष्यात त्याने कधी कोणापुढे हात जोडले नव्हते, आता जोडले. "बाबा, मी जाईन तिच्याबरोबर. शिबिराच्या दाराशी मी बसेन. तिचा खेळ बंद करू नका. तिच्यासारखी चढाई जिल्ह्यात कोणाची नाही."

"तू कोण?"

"मी फेटे बांधतो."

रेवजीने त्याच्या खांद्यावरच्या कापडाकडे पाहिलं. "त्या माणसाला पहिल्या दिवशी फेटा बांधला, तो तू?" त्याने पोरीकडे मान वळवली. "ही म्हणते, एवढा मान देतात म्हणजे चांगलाच असेल, असं वाटलं तिला."

"हो," हेमकांत म्हणाला. "मीच बांधला."

"तेव्हा तुला माहीत होतं, तो कसा आहे?"

खोटं बोलता आलं असतं. समोरचा म्हातारा लोणखेड्याला काही विचारायला येणार नव्हता. पण हेमकांतच्या तोंडून पुन्हा तोच शब्द निघाला. "हो."

रेवजीने रंजनाचा हात धरला आणि नवापूरच्या एसटीकडे चालायला लागला.